शिकारीचा फोटो बिघडतो तो जनावरापाशीच

शिकारीच्या फोटोवरून वाद पेटला की शिकारी म्हणतात, लोकांना शिकार कळत नाही. नाहीच कळत, आणि म्हणूनच फोटो त्यांच्या नजरेतून बघून काढायला हवा. परवाना, हंगाम, माग काढण्यात गेलेले तास, घरी नेलेलं मांस, यातलं काहीच फोटोत उतरत नाही. दिसतं ते मेलेलं जनावर आणि शेजारी हसणारा माणूस. जनावरापाशी केलेली घाई नंतर फिल्टर लावून निस्तरत नाही.

आधी ते मेलंय याची खात्री करा. पाठीच्या बाजूने जा आणि लांब काठीचं टोक डोळ्याला लावा. पापणी लवली तर अजून जीव आहे. मग रायफल रिकामी करायची: मॅगझिन म्हणजे गोळ्यांचा कप्पा बाहेर, चेंबर म्हणजे गोळी बसते ती जागा डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेली, ती जागा बंद करणारा बोल्ट उघडा ठेवलेला. तो फोटोतही उघडाच दिसू दे. नळी कुणाकडेच रोखलेली नको, फोटो काढणाऱ्याकडेही नको.

आता साफसफाई. पाण्याची बाटली आणि जुनं फडकं सोबत हवंच. नाकातोंडाचं रक्त पुसा, जीभ आत सारून तोंड मिटा, जखमेची बाजू खाली किंवा मागे जाऊ दे. रक्ताळलेल्या गवतावर फोटो काढू नका, जनावर चार पावलं बाजूला ओढा. पुढचे पाय छातीखाली दुमडून ते पोटावर बसतं करा. हे लगेचच जमतं. काही तासांत अंग ताठरलं की पाय वळत नाहीत, डोळे धुरकट होतात आणि हरणासारख्या रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट फुगतं. शिवाय हवा गरम असेल तर मांस खराब व्हायला लागतं. म्हणून फोटोला दहा मिनिटं पुरे, मग लगेच आतडी काढून जनावराचं पोट साफ करायला घ्या.

शिकाऱ्याने जनावराच्या मागे गुडघ्यावर बसावं. अंगावर पाय ठेवणं किंवा पाठीवर बसणं मला अजिबात मान्य नाही. ज्याचा जीव घेतला त्याचा एवढा मान राखायलाच हवा. कॅमेरा जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि शिंगांमागे झुडूप न येता मोकळं आकाश येऊ द्या. फोनची वाइड लेन्स जवळून वापरली की तोंड अवाढव्य आणि धड चिमुकलं दिसतं. त्यापेक्षा मागे सरून १x किंवा २x वर काढा. शिंगं मोठी दिसावीत म्हणून स्वतः दोन मीटर मागे बसण्याची युक्ती जाणकार लगेच ओळखतात. फ्लॅशने डोळे हिरवट चमकतात, तो बंद ठेवा. टोपीच्या सावलीत चेहरा हरवतो, ती जरा वर करा. गाडीच्या हौद्यात टाकलेल्या जनावराचा फोटो तर काढूच नका.

पोस्ट करण्याआधी जागेचा विचार करा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन आधीच बंद हवं, कारण फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसचे आकडे बसतात. व्हॉट्सअॅपवर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तेही सोबत जातात. आकडे काढले तरी मागची टेकडी, फाटक, पाणवठा जागा सांगून टाकतात आणि चोरट्या शिकाऱ्यांना तेवढं पुरतं. फ्रेम आवळून घ्या.

एकदा टाकलेला फोटो आपल्या हातात राहत नाही. जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबाहेर सेसिल हा संशोधकांनी जीपीएस कॉलर लावलेला सिंह मारला गेला, तेव्हा त्या शिकाऱ्याचे आधीच्या शिकारींसोबतचे फोटोही जगभर फिरले. त्यामुळे जुने अल्बमही एकदा चाळा. रक्ताचे, पाय ठेवलेले, मुलांचे चेहरे दिसणारे फोटो काढून टाका. उरलेल्यांखाली प्राणी कोणता, परवाना कसला आणि मांसाचं काय केलं, हे दोन ओळींत लिहा.