सगळी वाक्यं ‘होती’वरच का संपतात?

तिसरी-चौथीच्या मुलांना मांजरीवर पाच ओळी लिहायला सांगा, हमखास हेच येतं: मांजर होती. ती पांढरी होती. ती छान होती. आता यात चूक काहीच नाही, पण मराठीत क्रियापद शेवटी येतं ना, त्यामुळे प्रत्येक वाक्य त्याच ठोक्यावर येऊन थांबतं आणि मुलांना ते लिहिताना कळतच नाही, वाचून दाखवलं की मात्र लगेच कळतं. म्हणून मी आधी मोठ्यानं वाचायला लावते, मग प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पेन्सिलीने गोल करायचा. चार गोल सारखे दिसले की मुलं स्वतःच म्हणतात, हे बदलूया.

मग वाक्य फिरवायचं. ‘खिडकीत बसली होती एक मांजर.’ दोन वाक्यं जोडायची: ‘दार वाजलं तशी ती कान टवकारून उठली.’ आणि मग एकदम छोटं. ‘पळाली!’

‘छान’ शब्दावर मात्र माझी बंदी आहे 😊 छान म्हणजे काय, हात लावल्यावर कशी लागते, आवाज कसा येतो? इथे आपली भाषा खूप देते, पांढरीशुभ्र, काळीकुट्ट, मऊमऊ, गुरगुर, टपटप... पण विशेषणांचा ढीग नको हं, एका वाक्यात एकच नेमकं पुरे. परवा एकीने लिहिलं, ‘मांजरीच्या पायांचा आवाजच येत नाही’. एकही विशेषण नाही, तरी मांजर समोर उभी!