कल्पनेतून वास्तवात येताना सांधा कुठे ठेवायचा

चित्रपटात पात्राच्या कल्पनेतला प्रसंग आला की पडदा धूसर करायचा आणि मागे झंकार वाजवायचा, ही सवय आधी सोडा. ‘हे खोटं आहे’ असं प्रेक्षकाला सांगून टाकलं की तो ते संपायची वाट बघत बसतो, मग हसूही जातं आणि काळजीही.

पटकथेत अशा प्रत्येक प्रसंगाशेजारी एक गोष्ट लिहून ठेवावी: त्याच वेळी वास्तवात ते पात्र काय करत होतं? बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. खिडकीपुढे उभा असलेला माणूस मनातल्या मनात तीन मिनिटं भाषण ठोकत असेल, तर त्याच्यामागची रांगही तीन मिनिटं खोळंबलेली असते. विनोद तिथेच आहे, आणि त्या माणसाचं एकटेपणही.

सांधा, म्हणजे कल्पना आणि वास्तव जिथे जोडले जातात ती जागा, चित्रापेक्षा आवाजाने चांगला झाकला जातो. कल्पनेतला आवाज कटच्या (एक शॉट संपून दुसरा सुरू होतो त्या जागेच्या) 12 ते 15 फ्रेम आधी, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर साधारण अर्धा सेकंद आधी सुरू करा. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना गप्प करून एक मिनिटभर नुसत्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घ्या. तो नसेल तर फ्रिजची घरघर कटवर एकदम तुटते आणि सांधा उघडा पडतो.

कट न करता कल्पनेतून वास्तवात यायचं असेल तर कॅमेरा पॅन होत (जागच्या जागी आडवा फिरत) असताना नटाने कॅमेऱ्यामागून धावत दुसऱ्या टोकाला पोचायचं. त्याला अनवाणी धावू द्या, आणि दिवे कॅमेऱ्यामागे ठेवू नका. पळणाऱ्याची सावली भिंतीवर पडते आणि ती संकलनात काढता काढता नाकी नऊ येतात.

एकाच फ्रेममध्ये तोच नट दोनदा हवा असेल तर फ्रेमचे दोन भाग वेगवेगळे चित्रित करून जोडावे लागतात, त्यामुळे ट्रायपॉड हलता कामा नये. फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) सगळं मॅन्युअल. जोड दाराच्या चौकटीच्या कडेवर घ्या आणि दोन्ही भाग लागोपाठ चित्रित करा, कारण खिडकीतलं ऊन थांबत नाही. वीज 50 हर्ट्झची असेल आणि दिवे लुकलुकत असतील तर शटर 1/50 सेकंद ठेवा.

1924 सालच्या ‘शेरलॉक ज्युनिअर’ या मूकपटामध्ये विनोदी नट बस्टर कीटन जागच्या जागी असतो आणि त्याच्यामागची दृश्यं बदलत जातात. त्यासाठी कॅमेऱ्यापासूनची अंतरं जमीनमोजणीच्या उपकरणांनी मोजली होती. इतकी शिस्त आजही लागते, फक्त आता आधीच्या शॉटची शेवटची फ्रेम मॉनिटरवर अर्धपारदर्शक ठेवून नटाला त्यावर बसवता येतं.

अभिनय मात्र दोन्हीकडे एकाच पट्टीतला हवा. कल्पनेत नट मोठ्याने बोलू लागला की सगळी मेहनत वाया.

कच्चं संकलन झालं की कथा माहीत नसलेल्या दोघांना दाखवा आणि कुठे गोंधळ झाला ते विचारा. तिथे खुलाशाचा संवाद घालू नका. परतल्यानंतरचा वास्तवातला पहिला शॉट दोन सेकंदांनी लांबवून बघा.