दूध पचतं का, आणि किती प्यावं?

गाईच्या २५० मिली दुधात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं, ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं. शिवाय बी-१२ जीवनसत्त्व मिळतं, म्हणून मांसाहार न करणाऱ्यांना दूध विशेष उपयोगी. लोह मात्र त्यात जवळजवळ नसतंच.

दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात? लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज हे पाचक विकर लहान आतड्यात कमी पडलं की न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. साय काढलेल्या दुधानं फरक पडत नाही, कारण काढली जाते ती चरबी. लॅक्टोज तसंच राहतं. दूध पूर्ण बंद करण्याआधी दोन आठवडे अर्धा कप जेवणासोबत घेऊन पाहा. बहुतेकांना तेवढं सोसतं. दहीही सहसा चालतं, त्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला मदत करतात. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं किंवा धाप लागणं ही मात्र ॲलर्जीची लक्षणं. तिथे असले प्रयोग अजिबात नकोत, डॉक्टरांकडेच जा.

लहान मुलांबद्दल कळकळीनं सांगावंसं वाटतं: वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नका. त्यानंतरही दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं की पोट दुधानंच भरतं, जेवण मागे पडतं आणि लोह कमी पडून रक्तक्षय होऊ शकतो.

थायरॉईडची गोळी आणि दूध यांत चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही.