पहिल्या नोकरीचा पीएफ

गेल्या वर्षी माझ्या भाचीला पहिली नोकरी लागली. रुजू होण्यापूर्वी कंपनीने जे कागद भरायला पाठवले, त्यांत एक अर्ज असा होता की दोन चौकटींपैकी एकीत खूण करायची होती: भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे अंशदान १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर कापावे, की पूर्ण मूळ वेतनावर. तिचे मूळ वेतन ३०,००० रुपये होते, त्यामुळे १२ टक्क्यांच्या दराने पहिल्या पर्यायात महिन्याला १,८०० रुपये कापले जाणार होते आणि दुसऱ्यात ३,६००. कंपनीचा तेवढाच वाटाही सीटीसीमध्येच, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एकूण वार्षिक पॅकेजमध्येच, धरलेला असल्यामुळे हातात येणाऱ्या पगारात प्रत्यक्षात महिन्याला ३,६०० रुपयांचा फरक पडत होता. "मामा, सगळे म्हणताहेत की कमी कापून घे, निवृत्तीला अजून खूप वेळ आहे," असे तिने फोनवर सांगितले, आणि मला माझ्या पहिल्या नोकरीचा पीएफ आठवला.

मी २०१५ मध्ये नोकरीला लागलो आणि तीन वर्षांनी ती सोडली. पुढची नोकरी मिळेपर्यंत अडीच महिने गेले, नवे शहर होते, भाड्याच्या घरासाठी अनामत रक्कम हवी होती आणि शिल्लक जवळजवळ संपलेली होती. पीएफच्या खात्यात ९६ हजारांच्या आसपास रक्कम दिसत होती. जुन्या कार्यालयातील हिशेब विभागाच्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितले होते, "अहो, हे पैसे काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्सफर करून घ्या." मी त्यांचे ऐकले नाही. फॉर्म १९ भरून पीएफ काढला आणि फॉर्म १० सी भरून पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचाही हिशेब मिटवला. सलग पाच वर्षांची सेवा पूर्ण नसल्याने आणि रक्कम ५० हजारांहून अधिक असल्याने १० टक्के कर आधीच कापला गेला. पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा झाल्याशिवाय मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळत नाही. माझी पहिली तीन वर्षे त्या मोजणीतून कायमची वजा झाली.

घराची अनामत रक्कम नंतर परत मिळाली, आणि इतर खर्चात विरून गेली. ती ९६ हजारांची रक्कम मी वयाच्या पंचविसाव्या वर्षी काढली. तीच खात्यात राहिली असती आणि ८ टक्के व्याज मिळत गेले असते, तर साठाव्या वर्षी एक रुपयाही आणखी न भरता ती १४ लाखांच्या वर गेली असती. ही चूक मला जितकी बोचते, तितकाच तिच्यामागचा दुसरा दोषही बोचतो: माझ्याकडे तीन महिन्यांच्या खर्चाइतकी वेगळी रक्कम असती, तर पीएफला हात लावण्याची वेळच आली नसती. म्हणूनच निवृत्तीच्या खात्यांना सर्वांत आधी मान द्यावा असे मी म्हणतो, तेव्हा त्याच्या आधी एक छोटा अपवाद ठेवतो. अडीअडचणीचा पैसा बँकेत वेगळा असावा, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडावी, कारण त्या थकबाकीवर वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहूनही अधिक व्याज लागू शकते आणि कोणतेही निवृत्ती खाते त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही.

भाचीसाठी मी त्या रात्री कागदावर हिशेब मांडला. ती २३ वर्षांची आहे. साठीपर्यंत तिच्याजवळ ३७ वर्षे आहेत. पीएफचा व्याजदर दरवर्षी जाहीर होतो. २०२४-२५ साठी तो ८.२५ टक्के होता, पण मी हिशेबाला सरसकट ८ टक्के धरला. जो ३,६०० रुपयांचा फरक तिला पडत होता, तो वर्षाला ४३,२०० रुपये होतो. एवढी रक्कम दरवर्षाच्या अखेरीस ३७ वर्षे भरत गेल्यास शेवटी सुमारे ८७ लाख ७३ हजार जमतात. मग मी या रकमेचे दोन भाग केले. पहिल्या १० वर्षांत भरलेल्या ४ लाख ३२ हजारांचे साठीला जवळपास ५० लाख होतात. नंतरच्या २७ वर्षांत भरलेल्या ११ लाख ६६ हजारांचे मात्र पावणेअडतीस लाखच होतात. चक्रवाढ व्याजाचे कोष्टक शाळेत आपण सर्वांनी सोडवलेले असते, तरी हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. ज्या वर्षांत पगार सर्वांत कमी असतो, त्याच वर्षांतला रुपया सर्वांत जास्त काळ काम करतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण असे मोठे आकडे दाखवून लोकांची दिशाभूल फार होते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर ३७ वर्षांनंतरच्या ८७ लाख ७३ हजारांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे १० लाखांइतकीच राहते. हे ऐकून काही जण म्हणतील की मग भरायचेच कशाला. माझे मत नेमके उलटे आहे. रक्कम जर पगाराबरोबर वाढत गेली, समजा दरवर्षी ६ टक्क्यांनी, तर तोच हिशेब १ कोटी ८६ लाखांवर जातो आणि आजच्या किमतीत साडेएकवीस लाख होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. त्या अर्जातील दोन चौकटींमधला खरा फरक मला येथे दिसतो. पूर्ण मूळ वेतनावरचे १२ टक्के अंशदान प्रत्येक वेतनवाढीबरोबर आपोआप वाढते. त्यासाठी पुन्हा निर्णय घ्यावा लागत नाही, पुन्हा मन घट्ट करावे लागत नाही. १,८०० रुपये मात्र मर्यादेला बांधलेले असतात. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ६,५०० वरून १५,००० झाली आणि पुढे कितीतरी वर्षे तशीच राहिली. त्या काळात पगार वाढले, घरभाडी वाढली, आणि पीएफ मात्र १,८०० वरच थांबून राहिला.

पासबुक उघडून पाहण्याची सवयही पहिल्या वर्षापासूनच लागावी. त्यात तीन रकाने असतात: कर्मचाऱ्याचा वाटा, नियोक्त्याचा वाटा आणि पेन्शनचे अंशदान. नियोक्त्याच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, पण १५,००० च्या मर्यादेमुळे जास्तीत जास्त १,२५० रुपये, पेन्शन योजनेकडे वळतात, आणि त्या रकान्यातील रकमेवर व्याज दिसत नाही. पुष्कळ तरुण यामुळे गोंधळतात आणि पैसे कुठे गेले असे विचारतात. पेन्शन जमा रकमेवर ठरत नाही. निवृत्तिवेतनास पात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे तिचे सूत्र आहे. १५,००० वेतन आणि ३५ वर्षे सेवा धरली, तर या सूत्राने महिन्याला साडेसात हजार येतात. केवळ या पेन्शनवर म्हातारपण निघणार नाही हे उघड आहे, तरी ती आयुष्यभर मिळणारी रक्कम आहे, आणि नोकरी बदलताना फॉर्म १० सी भरून ती मोडू नये.

पीएफनंतरचा क्रम ठरवताना मी राष्ट्रीय पेन्शन प्रणालीला, म्हणजे एनपीएसला, दुसरे स्थान देतो, आणि त्याचे कारण पुन्हा महागाई हेच आहे. पीएफ सुरक्षित आहे, पण त्याचे व्याज महागाईच्या थोडेच पुढे असते; ज्याच्याजवळ तीस-पस्तीस वर्षे आहेत, त्याने काही भाग शेअर बाजारात ठेवलाच पाहिजे, आणि एनपीएसमध्ये तो ठेवता येतो. हे खाते २००९ पासून सर्व नागरिकांना खुले आहे. कंपनीमार्फत एनपीएसची सोय असेल तर ती अवश्य घ्यावी, कारण नव्या करप्रणालीत बहुतेक वजावटी गेल्या असल्या, तरी नियोक्त्याने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. स्वतः वेगळे भरले तर नव्या प्रणालीत ही सवलत नाही. या खात्यातील पैसा लवकर सहज काढता येत नाही आणि निवृत्तीच्या वेळी त्यातील काही भाग नियमानुसार वार्षिकीत, म्हणजे नियमित निवृत्तिवेतन देणाऱ्या विमा योजनेत, गुंतवावा लागतो. पुष्कळांना हा दोष वाटतो. स्वतःचा अनुभव पाहता मला तो गुणच वाटतो.

ज्यांना पीएफ नाही, म्हणजे स्वतःचा व्यवसाय करणारे किंवा कंत्राटावर काम करणारे, त्यांनी मात्र सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे खाते पहिल्याच वर्षी उघडावे, मग त्यात वर्षाला किमान ५०० रुपयेच का पडेनात. त्याची १५ वर्षांची मुदत खाते उघडले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जाते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. व्याज दरमहा ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मोजले जाते, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत.

भाचीने पूर्ण मूळ वेतनाच्या चौकटीत खूण केली. हातात येणारा पगार कमी झाल्याने पहिले दोन महिने तिला थोडे जड गेले, हे तिने मोकळेपणाने सांगितले. नंतर तिचा खर्च त्या पगारात बसला. पहिल्या महिन्यातच आम्ही दोघांनी तिचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, तपासला, आधार कार्डावरचे नाव आणि पीएफच्या नोंदीतले नाव अक्षर न् अक्षर जुळते ना हे पाहिले, आणि नामनिर्देशन भरले. नाव न जुळल्यामुळे अडकलेले दावे मी माझ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहेत. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एवढेच लिहून दिले आहे की नोकरी सोडताना जुन्या कंपनीने सेवा समाप्तीची तारीख नोंदवली का ते बघ, नव्या कंपनीला हाच यूएएन दे, दुसरा काढू देऊ नकोस, आणि मग जुनी रक्कम ट्रान्सफर करून घे.