मामानं जर्मनीत काय बघितलं

मामा मे महिन्यात माझ्याकडं आखेनला येऊन गेला पण बेळगावच्या शहापुरात त्याची जर्मनी अजून चालूच आहे. सुट्टीला घरी आलोय, संध्याकाळी त्याच्या दुकानात चहाला जातो आणि रोज कुणीतरी नवीन माणूस येऊन विचारतो, काय मग, कशी काय जर्मनी? आणि मामा चर्च सांगत नाही, ऱ्हाईन नदी सांगत नाही, ट्रेनचा स्पीड सांगत नाही, तो पाट्या सांगतो.

मामा बोर्ड पेंटर. हल्ली फ्लेक्सचं मशीन पण घेतलंय, तरी ब्रश सोडलेला नाही. मराठी, कन्नड, इंग्लिश, तिन्ही अक्षरं त्याला येतात, आणि २०२४ मध्ये बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला तेव्हा खडेबाजारापासून टिळकवाडीपर्यंत ज्याला त्याला बोर्ड बदलून हवा होता, मामाला जेवायला टाइम नव्हता. कुणीतरी टोमणा मारला की मराठी माणूस असून तूच कसं काय करूलालास हे, तर म्हणाला, उधारी कोण फेडणार मग, तू? विषय संपला.

तर असा माणूस माझ्याकडं पाहुणा. पाहुण्यांसाठी माझं एक ठरलेलं पॅकेज आहे, पहिल्या दिवशी डोम, मग गरम पाण्याचा झरा, मग प्रिंटेन नावाची मसाल्याची कडक बिस्किटं, दुसऱ्या दिवशी कोलोन. डोम म्हणजे आखेनचं कॅथेड्रल, शार्लमेन राजानं बांधलेलं, तो ८१४ मध्ये गेला आणि तिथंच पुरलाय, नंतर ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथंच व्हायचे, आणि १९७८ मध्ये युनेस्कोची पहिली यादी निघाली त्यातच ह्याचं नाव. हे सगळं मी गाइडसारखं घडाघडा म्हणत होतो. मामा मान वर करून अष्टकोनाच्या आतून गोल फिरणारा लॅटिन मजकूर बघत होता. बराच वेळ. मग म्हणाला, बघ की, एवढ्या कोनांत वळवून पण अक्षरांतलं अंतर कुठं बिघडलं नाही. छताकडं बघून आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीची, त्या जैन मंदिराची, आठवण काढली, ते दगडाचं कमळ, १२०४ सालचं, आणि म्हणाला हे मोठं आहे पण ते अवघड आहे. पटलं मला.

दारावरची गोष्ट मात्र त्याला जाम आवडली. चर्च बांधायला पैसे कमी पडले तर गावकऱ्यांनी म्हणे सैतानाकडून घेतले, अट अशी की पहिला जो आत जाईल त्याचा जीव सैतानाचा. गावकऱ्यांनी काय केलं, लांडगा सोडला आत. सैतान चिडून निघाला, दार आपटलं आणि अंगठा दारात तुटून राहिला. त्या दारावर ब्राँझच्या सिंहाचं तोंड आहे, त्यात बोट घालून लोक तो अंगठा चाचपतात, मामानं पण घातलं आणि म्हणाला, आहे रे काहीतरी! झऱ्याच्या पाण्याला गंधकाचा वास, तिथं नाक धरून दोन मिनिटांत परत.

त्याच्यापुढं पॅकेज मोडलं. रूममेटनं सहज विचारलं, तुम्ही कुठले, आणि मामानं सुरुवात १९५६ पासून केली. मी तिथं सगळ्यांना 'गोव्याजवळ' सांगून मोकळा होतो, कारण राज्य पुनर्रचना, १९६७चा महाजन अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेली केस, एक नोव्हेंबरचा काळा दिन, हे जर्मनमध्ये सांगायचं म्हणजे जेवण गार होतं. खरं सांगायचं तर मला ह्या सीमाप्रश्नाचा कंटाळाच होता. लहानपणापासून ऐकतोय, मोर्चा, बंद, कोगनोळीला बस अडवली, शिनोळीला उतरून चालत या. पण रूममेट सगळं ऐकून म्हणाला, मग ह्यांना तीन देशांची हद्द दाखव की, इथंच आहे.

गेलो दुसऱ्या दिवशी. बसनं फाल्सपर्यंत, ते नेदरलँड्समध्ये, कधी हद्द ओलांडली कळत पण नाही, नुसत्या पाट्यांची भाषा बदलते आणि ते मामाला माझ्याआधी कळलं. तिथून चढ. ३२२ मीटर, युरोपातल्या नेदरलँड्सचं सगळ्यात उंच टोक. मामा म्हणाला ह्याला डोंगर म्हणतात? बेळगाव शहरच ह्याच्या दुप्पट उंचीवर आहे, राजहंसगड तर सोडच. वर एक दगडी खांब, त्याच्याभोवती जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, लोक एक पाय इकडं एक तिकडं टाकून फोटो काढतात, शेजारी फ्राइजची दुकानं, पोरांचा गोंगाट. मामा खांबाला चक्कर मारून आला आणि विचारलं, नाका कुठाय? नाका नाही म्हटल्यावर, पोलीस? तेही नव्हते. माझ्या फोनवर मात्र एकामागून एक मेसेज, बेल्जियममध्ये स्वागत, नेदरलँड्समध्ये स्वागत. पूर्वी आपल्याकडं शिनोळीला पोचलं की रोमिंग लागायचं, ते आठवून दोघंही हसलो.

वर येणाऱ्या रस्त्याचं नाव डच भाषेत 'चार हद्दींचा रस्ता' असं आहे, तीन नव्हे चार, आणि ही भानगड मामाला सांगितली तर तो फ्राइज खायचा थांबला. नेपोलियन हरल्यावर १८१६ मध्ये हद्द आखताना इथल्या जस्ताच्या खाणीवर प्रशिया हे जर्मन राज्य आणि नेदरलँड्स दोघांचा डोळा, कोणीच सोडेना, तर मधला साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा कुणाचाच नाही असं ठरवलं. न्यूट्रल मोरेस्नेट. शंभर वर्षं ते तसंच चाललं, खाण संपली तरी चाललं, १९०८ मध्ये तिथल्या काही लोकांनी एस्पेरांतो ह्या मुद्दाम बनवलेल्या भाषेचं राज्य करायचं पण मनावर घेतलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमला देऊन टाकलं. मामा म्हणाला, बेळगाव पण असंच कुणाचंच नाही म्हणून सोडायला पाहिजे होतं, बोर्ड पण मग एस्पेरांतोत. चारपट रेट लावला असता!

आणि मग युपेन. हे मी कुठल्याच पाहुण्याला दाखवलं नव्हतं, बघायला तसं काही नाही, एक छोटं नीटनेटकं गाव. पण गाव बेल्जियममध्ये आणि भाषा जर्मन. १९२० मध्ये व्हर्सायच्या तहानं हा भाग बेल्जियमला गेला. आज त्या लोकांची स्वतःची विधानसभा आहे तिथं युपेनमध्येच, शाळा जर्मनमध्ये, आणि जर्मन ही बेल्जियमच्या तीन अधिकृत भाषांतली एक, एवढ्या मोठ्या देशात हे लोक एक लाख पण नाहीत तरी. मामाला विधानसभेची बिल्डिंग दाखवली, त्यानं बघितल्यासारखं केलं. नंतर एका सरकारी पाटीसमोर उभा राहिला, वर जर्मन, खाली फ्रेंच, आणि बोटं लावून अक्षरांची उंची मोजायला लागला. वरच्या ओळीला चार बोटं, खालच्या ओळीला चार बोटं. परत मोजलं. एक बाई कुत्रं घेऊन थांबून बघत होती, मला लाज वाटत होती, पण मामाचं चाललं होतं. सारखीच आहेत रे, म्हणाला, साठ-चाळीस नाही.

मी म्हटलं लगेच हरखून जाऊ नको, हे काय सुखासुखी झालेलं नाही. १९२० मध्ये लोकांना विचारलं होतं म्हणे, कुणाला बेल्जियम नको असेल तर ऑफिसात येऊन वहीत नाव लिहा. तेहतीस हजारांवर लोकांना हक्क होता, नावं लिहिली २७१ जणांनी. मामा मोठ्यानं हसला. नाव, सही, पत्ता साहेबाच्या समोर लिहायचा आणि मग त्याच साहेबाकडं रेशन मागायला जायचं, कोण लिहिणार? पुढं १९४० मध्ये हिटलरनं भाग परत घेतला, युद्धानंतर पुन्हा बेल्जियम, मग जर्मन बोलणारा म्हणजे संशयित. हक्क मिळत मिळत गेले, सत्तरच्या दशकापासून पुढं. आणि उघडी हद्द म्हणावं तर सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं ह्या बाजूला पण तपासणी चालू केलीय, आम्ही येताना मामाचा पासपोर्ट कुणी विचारला नाही, पुढच्या बसचा विचारला असेल.

पण दुकानात हे काही सांगितलं जात नाही. तिथं सांगितली जाते ती पाटी, चार बोटं वर आणि चार बोटं खाली, आणि ऐकणारा कन्नड असो मराठी असो, मामा त्याच्यासमोर बोटं धरून दाखवतो. काल एक कन्नड गिऱ्हाईक, हार्डवेअरवाला, ऐकून म्हणाला की तिकडं जमतं कारण दोन्हींचं पोट भरलेलं आहे. मामा म्हणाला असेल, आणि मग दोघं त्याच्या बोर्डाच्या रेटवर भांडत बसले.

आता मावशीला यायचंय पुढच्या वर्षी. तिनं मामाची सगळी कथा ऐकून घेतली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, मला पाट्या बिट्या नकोत, चांगलं स्वित्झर्लंड दाखव. मी म्हटलं स्वित्झर्लंड आखेनहून लांब आहे. म्हणाली मग ट्रेननं जाऊ की, तुझ्याकडं पास आहे ना. जर्मनीतला विद्यार्थी पास स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही हे तिला अजून सांगायचंय.