अकरा फरश्या

पुण्यात मी फरशीची कामं घेतो, त्याला आता १९ वर्षं झाली. ज्या घराबद्दल लिहितोय ते काम दिवाळीआधीच संपलं. पैसे वेळेवर मिळाले, घरच्यांची तक्रार नाही. तरी ते घर माझ्या डोक्यातून जात नाही.

१९८४ सालची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. साडेसहाशे चौरस फुटांचं घर, सगळीकडे १० बाय १० इंचाची मोझॅक. राहणारे मुलगा, सून, शाळेत जाणारी नात आणि आजोबा. आजोबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

फरशी बदलायची म्हटलं की लोक टाइल निवडण्यात चार रविवार घालवतात आणि घर रिकामं करायला एक रात्र ठेवतात. आम्ही सकाळी हत्यारं घेऊन दारात उभे राहतो तेव्हा फ्रिज चालू असतो, कपाटं भरलेली असतात आणि माळ्यावर काय आहे ते कोणालाच आठवत नाही. भरलेलं लोखंडी कपाट चौघांनी सरकवलं की त्याचे पाय वाकतात, आणि नाव आमचं खराब होतं. जुनी फरशी काढली की किती राडारोडा निघतो याचा तर कोणी विचारच करत नाही. फरशी आणि तिच्या खालचा माल धरून अडीच इंच जाडी होते. साडेसहाशे फुटांच्या घरातून साडेसात-आठ टन माल निघतो, म्हणजे दोनशेच्या वर गोण्या. त्या सगळ्या जिन्यानं माणसांच्या पाठीवर उतरतात. हा आकडा सांगितला की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, दर वाढवायला सांगतोय असं त्यांना वाटतं.

आणि धूळ. सोफ्यावर प्लॅस्टिक घालायचं सगळ्यांना सुचतं. कटरवर बसलेल्या पोराच्या नाकातोंडात काय जातं हे मला आजवर दोनच गिऱ्हाइकांनी विचारलं. टाइल आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. म्हणून आमच्याकडे पाणी सोडूनच कापायचं, कोरडं नाही. वेळ जास्त लागतो, चिखल होतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. तरीही पाणी सोडूनच.

या घरातल्या सूनबाईंची तयारी मात्र मी पाहिलेली सगळ्यांत चांगली. आठ दिवस आधीपासून खोकी भरून त्यांवर नंबर टाकलेले, कुठल्या खोक्यात काय ते वहीत लिहिलेलं. टीव्ही चादरीत गुंडाळून शेजारच्यांकडे पोचवला होता. गॅस बंद करून सिलिंडर गॅलरीत, देव परडीत घालून खालच्या मजल्यावर. सोसायटीचं परवानगीपत्र दाराला आतून चिकटवलेलं, खालच्या घरात लहान बाळ आहे म्हणून त्याच्या झोपेची वेळसुद्धा विचारून ठेवलेली. नवी टाइल चढली तर दारं घासतील, किती कापायची, हेही त्यांनी मला आधी विचारलं. आजोबांना तीन आठवडे साताऱ्याला मुलीकडे पाठवायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी अकराला गाडी येणार होती.

मी नऊलाच गेलो. फोडायच्या आधी जुनी फरशी ठोकून बघायची माझी सवय आहे. हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक फरशी ठोकायची. खाली माल घट्ट असेल तर आवाज टणक येतो, सुटला असेल तर बद्द. थोड्याच पोकळ असतील तर जुन्यावरच ॲडहेसिव्हनं नवी टाइल बसवता येते, फोडाफोडी वाचते. जास्त असतील तर काढावीच लागते.

मी हॉलच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. आजोबा खुर्चीत बसून ऐकत होते. पाच-सहा ठोके झाल्यावर म्हणाले, "अहो, तिकडं वेळ घालवू नका. तो कोपरा घट्ट आहे. बाथरूमच्या दारासमोरच्या चार पोकळ आहेत. माझ्या खोलीत पलंगाशेजारची पूर्ण ओळ पोकळ, आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी जी तडकलेली आहे तिच्या दोन्ही बाजूच्या."

मी जाऊन ठोकलं. बाथरूमसमोर चार. खोलीत पूर्ण ओळ. स्वयंपाकघराच्या तोंडाशी दोन. सगळं बरोबर.

"कसं कळतं आजोबा?"

"पायाला कळतं. पोकळ फरशी पायाखाली वेगळी बोलते. पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा. सातवीचा कोपरा वर आलाय, तो लागला की डावीकडे वळायचं."

मग उठून त्यांनी मला घरभर फिरवलं. अनवाणी, कुठंही हात न लावता. पाण्याची लाइन कुठून गेली आहे तेही दाखवलं. १९८४ साली प्लंबरनं जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बाथरूमपासून स्वयंपाकघरात फरशीखालून आडवा नेला, तेव्हा ते शेजारी उभे होते. भिंतीपासून दीड वीत. मी खडूनं रेघ मारली, पोकळ फरश्यांवर फुल्या केल्या, फोटो काढले. अकराला गाडी आली आणि ते गेले. जाताना दारात क्षणभर थांबले होते. मला वाटलं चप्पल शोधतायत.

पोकळ फरश्या फारच निघाल्या, सगळी काढायचं ठरलं. ब्रेकर लागला तेव्हा पाइप खडूच्या रेघेखाली बोटभरही इकडंतिकडं न होता सापडला. तो गंजून कागदासारखा झाला होता. आजोबांनी सांगितलं नसतं तर पहिल्याच दिवशी फुटला असता आणि खालच्या बाळाच्या घरात पाणी गेलं असतं. आम्ही तो काढून नवी लाइन वरून भिंतीतनं घेतली.

पुढच्या कामाचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. सगळ्या भिंतींवर एक मीटरची लेव्हल मारली तेव्हा हॉल आणि आतल्या खोलीत पाच सुतांचा, म्हणजे अर्ध्या इंचाहून थोडा जास्त, फरक निघाला. जुन्या इमारतींत असं असतंच, पण बहुतेक लोक तो फरक उंबऱ्याखाली दडपतात. आम्ही ठिय्ये (उंचीच्या खुणेचे मालाचे ठिपके) लावून सगळ्या घराला एकच लेव्हल दिली. खालचा माल भरून पाणी मारलं, सुकू दिला. वर २ बाय ४ फुटांची चकचकीत व्हिट्रिफाइड, तीही ॲडहेसिव्हवर. ही टाइल पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी पिते, त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही. बरेच मिस्त्री अजूनही सिमेंटचा पातळ घोल ओतून बसवतात आणि दोन वर्षांत ती बद्द वाजायला लागते. सांधे दोन मिलिमीटरचे, सांधे भरायचं ग्राउट टाइलच्याच रंगाचं. आमच्या मिस्त्रींनी सांध्यावरून नाणं घासत नेलं, कुठंही अडकलं नाही. दारातले उंबरेही काढले. म्हाताऱ्या माणसाला ठेच लागू नये म्हणून. ती कल्पना माझीच.

आजोबा परत आले त्या दिवशी मी शेवटचं स्कर्टिंग बघायला गेलो होतो. नातीनं हात धरून आत आणलं आणि कौतुकानं सोडला. त्यांनी पाऊल टाकलं, थांबले. दुसरं टाकलं. मग पायाचा तळवा टाइलवर पुढं-मागं सरकवत राहिले, वाळूत काही हरवल्यासारखा. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"छान गार आहे," ते म्हणाले. मग हळूच, "बाथरूम कुठल्या बाजूला?"

चाळीस वर्षं ज्या घरात राहिले त्या घरात.

सूनबाई रडायला लागल्या. त्यांनी खरंच सगळं केलं होतं. आजोबांना धुळीपासून दूर ठेवलं होतं, औषधांचं खोकं वेगळं काढलं होतं. पण चूक त्यांची नव्हती. त्या घराचा नकाशा त्या माणसानं पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिला होता. सातवी फरशी, वर आलेला कोपरा, डावीकडे वळायचं. मी त्याचे फोटो काढले आणि फक्त पाइप वाचवायला वापरले. माझ्या धंद्यात वर आलेला कोपरा म्हणजे दोष. तो काढायचा असतो, यापलीकडे माझं डोकं गेलंच नाही.

आमचे मिस्त्री उत्तर प्रदेशचे. घरी परतताना गाडीत तेच म्हणाले, "सेठ, फुटपाथ पे जो पीली टाइल डाली थी, वैसा कुछ।" काही वर्षांपूर्वी आम्ही एका फुटपाथचं काम केलं होतं. उभ्या पट्ट्यांची पिवळी टाइल म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढं काहीतरी आहे. नकाशात होतं तसं बसवलं. एका ठिकाणी ती पट्टी सरळ विजेच्या पेटीवर जाऊन आदळत होती, तीही तशीच बसवली, कारण बिल फुटावर होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा वाचलं की दृष्टिहीनांसाठीची ही टाइल जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ साली शोधली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात एका रस्त्यावर पहिल्यांदा बसवली गेली. शेकडो फूट टाइल मी बसवली होती, आणि ती पायांनी वाचतात हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. पलंगापासून बाथरूमपर्यंत सहा इंच रुंदीची पट्टी नव्या टाइलमधून पाणी सोडून कापून काढली. शेजारची कड उडू नये म्हणून मिस्त्रींनी अख्खा दिवस घेतला. त्या जागी खरखरीत पार्किंग टाइलचे तुकडे बसवले, वरून अगदी सपाट, ठेच लागणार नाही असे. वळणावर आणि बाथरूमच्या दारात अख्खी टाइल, ठिपक्यांची. देखणं दिसत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, असं सूनबाई सांगतात. मजुरी मी घेतली नाही, त्यांनी खूप आग्रह केला तरी.

आजोबा पट्टीवरून चालतात. पण आता एक हात भिंतीवर असतो, जो आधी कधीच नसायचा. हॉल आणि स्वयंपाकघरात पट्टी नाही, तिथं ते एकटे जात नाहीत. गेल्या महिन्यात मी सहज भेटायला गेलो होतो. म्हटलं, "आजोबा, जमतंय ना आता मोजायला?"

"पट्टी सापडते," ते म्हणाले. "पण मोजत नाही हल्ली. तुमच्या नव्या फरशीनं ते सव्वादोन होतं. सव्वादोन मोजायचं कसं?"

मी टेप काढून उगाचच मोजलं. १० इंचाच्या अकरा फरश्या म्हणजे ११० इंच. ४ फुटांच्या टाइलनं दोन, आणि वर एक तुकडा.