हिरवी शेंग, हिरडा आणि बुटका वाटाणा: तिसऱ्या फेरीची नोंद

कॅरोबच्या झाडाची हिरवी शेंग आणि हिरडा यांचे अर्क, जीए (झाडाची वाढ करणारं संप्रेरक) दिल्यावर बुटक्या वाटाण्याची होणारी वाढ अडवतात का, हे मी घरी तपासते आहे. त्याची तिसरी फेरी काल रात्री मोजून झाली. आठ गट, गटात दहा रोपं, एकूण ऐंशी. या वेळी निकाल इतका स्वच्छ आला की आकडे दोनदा तपासले. आकड्यांआधी थोडी मागची गोष्ट सांगते, कारण आपल्या ग्रुपमध्ये नवीन मंडळी आली आहेत.

मी निफाडची. मामांची थॉमसन द्राक्षाची बाग. ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी दिसायला लागले की जीएचा फवारा, पुढे मणी धरल्यावर डिपिंग. लहानपणी जीएच्या द्रावणाने भरलेला मग हातात धरून घडामागून घड त्यात बुडवत गेलेय, त्यामुळे जिबरेलिक आम्ल हे नाव कळायच्या आधीपासून 'जीए' घरातलंच. त्याला अडवणारं काही झाडातच असतं, हे मात्र इथे लॉस एंजेलिसला आल्यावर कळलं, तेही रस्त्यावरच्या झाडामुळे.

दक्षिण कॅलिफोर्नियात कॅरोब रस्त्याकडेला भरपूर लावलेला आहे. मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी, फुलोरा शरद ऋतूत, आणि शेंग पिकायला पुढचा शरद उजाडतो. आमच्या गल्लीतल्या मादी झाडाखाली सप्टेंबरात चॉकलेटी शेंगांचा खच पडतो. पिकलेली शेंग चघळायला खजुरासारखी गोड; मे महिन्यातली हिरवी शेंग चावली तर जीभ टाळ्याला चिकटते, अगदी कच्च्या केळीच्या सालीसारखी. हा तुरटपणाच सगळ्या कथेचं मूळ आहे.

१९६१ साली याच शहरातल्या विद्यापीठात, यूसीएलएमध्ये, मेरी कॉर्कोरन, वेस्ट आणि फिनी यांनी जिबरेलिनमुळे (जीए ज्या संप्रेरकांच्या कुटुंबातलं, त्यामुळे) होणारी वाढ रोखणारे नैसर्गिक पदार्थ मांडले. ते कॅरोबच्या शेंगेतून मिळाले होते. पुढे १९७२ मध्ये कॉर्कोरन, गाइसमन आणि फिनी यांनी दाखवलं की टॅनिनं, म्हणजे तुरटपणा आणणारे पदार्थ, हे काम करतात. बुटक्या वाटाण्यावर जीएच्या हजारपट टॅनिन दिलं की जीएमुळे होणारी वाढ बहुतेक टॅनिनांच्या बाबतीत ६० ते ९५ टक्क्यांनी घटली. दहापट प्रमाणात मात्र परिणाम २५ टक्क्यांच्या आत राहिला, एक अपवाद सोडून. तो अपवाद टर्चेबिन: दहापटीलाच ५० टक्के. टर्चेबिन म्हणजे टर्मिनालिया चेबुलाचं टॅनिन, म्हणजेच आपला हिरडा! हे वाचलं त्या संध्याकाळी मी इंडियन स्टोअरमधून हिरडा पावडरचं पाकीट घेऊन आले.

वाटाणा बुटकाच का, तेही सांगते. मेंडेलने अभ्यासलेली उंच-बुटकी जोडी ती हीच. बुटक्या रोपात जिबरेलिन तयार होण्याची शेवटची पायरी नीट चालत नाही, त्यामुळे बाहेरून थेंबभर जीए दिलं की रोप चटकन उंच होतं. मी 'लिटल मार्व्हल' वापरते, बियाण्याच्या दुकानात सहज मिळतो.

पहिली फेरी वाया गेली होती. नळाच्या पाण्यात जीए कालवून तीन आठवडे ठेवलं आणि मग वापरलं. नुसतं जीए दिलेली रोपंही फारशी वाढली नाहीत. मामांना फोन केला तर ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाले, "अगं, पीएच बघितलास का? आम्ही आधी पाण्याचा पीएच साडेपाचवर आणतो, मग जीए टाकतो. आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. शिळं जीए कोण वापरतं?" तेव्हापासून डिस्टिल्ड पाणी, सायट्रिक आम्लाची चिमूट आणि ताजं द्रावण.

दुसऱ्या फेरीत पिकलेल्या शेंगेच्या अर्काने घात केला. त्यात साखर इतकी की तिसऱ्या दिवशी शेंड्यावर मुंग्या, पाचव्या दिवशी बुरशी.

आता तिसरी फेरी. ५० मिलिग्रॅम जीए थोड्या रबिंग अल्कोहोलमध्ये विरघळवून पाण्याने २५० मिलिलिटर केलं, म्हणजे २०० पीपीएम. तेवढंच अल्कोहोल बाकीच्या गटांच्या द्रावणांतही घातलं, नाहीतर तुलना कच्ची राहते. हिरव्या शेंगा २० ग्रॅम, बारीक चिरून १०० मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं उकळल्या आणि कॉफी फिल्टरमधून गाळल्या. दहा मिलिलिटर अर्क बशीत वाळवून वजन केलं तर साधारण दोन टक्के घन भाग निघाला. हिरड्याचा अर्क पातळ ठेवला, ०.८ टक्के. जीए आणि अर्क समसमान मिसळून सातव्या दिवशी प्रत्येक रोपाच्या शेंड्यावर १० मायक्रोलिटरचा एक थेंब. थेंबात १ मायक्रोग्रॅम जीए. हिरव्या शेंगेचा घन भाग त्याच्या शंभरपट, हिरड्याचा चाळीसपट.

थेंब ठेवणं हे सगळ्यात जिवावरचं काम. शेंड्याची दोन कोवळी पानं हात जोडल्यासारखी मिटलेली असतात. पिपेटचं टोक त्यांच्या फटीत हलकेच टेकवायचं, थेंब आत ओढला जातो आणि फटीत चमकत राहतो. घाई केली तर तो पानावरून घरंगळतो आणि ते रोप बाद. या वेळी बारा रोपं जास्तीची लावली होती, त्यातली नऊ लागली.

सात दिवसांत प्रत्येक गटाची सरासरी वाढ अशी झाली. पाणी ३.१ सेंटिमीटर, नुसतं जीए ११.४. नुसता हिरवा अर्क २.८. जीए अधिक हिरवा अर्क ५.९. जीए अधिक पिकलेल्या शेंगेचा अर्क ८.८. जीए अधिक हिरडा ५.२! हिरव्या शेंगेपेक्षा निम्म्याहून कमी घन भाग, तरी अडवणूक जास्त. हे माझं घरगुती मोजमाप, गटात दहाच रोपं, आणि हिरव्या शेंगेच्या गटात एक रोप ३.८ वर तर एक ८.२ वर होतं. तरी पाण्याच्या आणि जीएच्या गटांमधली दरी इतकी मोठी आहे की ही घट योगायोग वाटत नाही.

खरा पेच वेगळाच होता. कॅरोबच्या कच्च्या शेंगेत अ‍ॅब्सिसिक आम्लही असतं, १९७० मध्ये ते ओळखलं गेलं. तेही वाढ रोखतं. मग माझ्या रोपांना रोखलं कोणी? दोन खुणांवरून मला टॅनिनच दिसतं. पहिली खूण म्हणजे नुसत्या अर्काने रोपं पाण्याच्या गटापेक्षा फारशी खुजी झाली नाहीत. टॅनिन रोपाच्या स्वतःच्या वाढीला हात लावत नाही, हे १९७२ च्या त्याच कामात आहे. अ‍ॅब्सिसिक आम्लाचा जोर असता तर ही वाढही बसली असती.

दुसरी खूण जिलेटिनची, आणि ती मला जास्त आवडली. टॅनिन प्रथिनाला धरतं, म्हणून तर चामडं कमावतात आणि म्हणूनच जीभ आखडते. हिरव्या अर्कात कोमट जिलेटिन सोडलं तर तांबूस अर्क पाहता पाहता ताकासारखा गढूळ झाला आणि तासाभरात तळाशी करड्या रंगाचा गाळ बसला. वरचं निवळ गाळून घेतलं. खात्रीसाठी त्यात हिराकसाचा (फेरस सल्फेटचा) थेंब टाकला. मूळ अर्क हिराकसाने शाईसारखा निळाकाळा होतो (हिरड्याची शाई करायची जुनी रीत हीच), निवळ मात्र जेमतेम राखाडी झालं. या निवळीबरोबर जीए दिलेली रोपं ९.७ सेंटिमीटर वाढली. म्हणजे टॅनिन काढून घेतलं आणि अडवणूक बरीचशी उठली. आठव्या गटात हिरवा अर्क तोच ठेवून जीए दहापट केलं, तर वाढ ११.० वर आली. जीए वाढवलं की टॅनिनचा अडथळा पुसला जातो, हे कॉर्कोरन यांनाही काही टॅनिनांच्या बाबतीत दिसलं होतं.

एक गट मात्र राहून गेला: जीए अधिक नुसतं जिलेटिन. उरलेल्या जिलेटिननेच वाढीला हातभार लावला नाही ना, हे त्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय टॅनिन आणि जीए एकाच थेंबात मिसळले असल्याने ते बाटलीतच एकमेकांना बांधतात की रोपात जाऊन अडवतात, हेही सुटलेलं नाही. चौथ्या फेरीत टॅनिनचा थेंब सकाळी आणि जीएचा संध्याकाळी देणार आहे.

कॅरोबच्या बियांचं काय, अशी गेल्या वेळी ग्रुपवर विचारणा झाली होती. बीची तऱ्हा शेंगेच्या उलट आहे. बीच्या गरातून डिंक काढतात, आइसक्रीमच्या डब्यावर 'लोकस्ट बीन गम' लिहिलेलं असतं तो. डिंक काढल्यावर उरणारा अंकुर प्रथिनांनी भरलेला असतो. स्पेनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये विकरांनी तो पचवून त्याचा अर्क टोमॅटोला दिला, तर झाडांची उंची, फुलं आणि फळं वाढली. तिथे काम पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) आणि अमिनो आम्लांचं आहे, टॅनिनचं नाही. म्हणून 'कॅरोब अर्क झाडाला चांगला' असं कोणी सरसकट सांगितलं तर आधी विचारा, शेंगेचा की बीचा, आणि शेंग कच्ची की पिकलेली. घरात विकर वापरून अंकुर पचवायची माझी अजून तयारी नाही. सध्या नेलकटरने टोक खरवडलेल्या सहा बिया पाण्यात आहेत. चार फुगून दुप्पट झाल्या, दोन अजून खड्यासारख्या टणक.

मामा जुन्नरकडचा बाळहिरडा पाठवतो म्हणालेत, आदिवासी बायका गोळा करून वाळवतात तो, झाडावरून कच्चाच उतरवलेला. दुकानातली पावडर कुठल्या फळाची, किती जुनी, काही लिहिलेलं नव्हतं. कोणी बाळहिरडा आणि मोठा हिरडा यांचा अर्क हिराकसाने ताडून पाहिला असेल तर रंगाचा फोटो नक्की टाका. वाटाणे आज रात्री भिजत घातले आहेत, या वेळी शंभर.